ट्रिझच्या साइट्सची जागतिक सूची : स्वयंसेवकांनी कशी उभारावी, कशी चालू ठेवावी

ट्रिझ ही शोध कसे लागतात याच्या अभ्यासातून रशियनमध्ये उभी राहिलेली, अडचणींवर कल्पक उत्तरं शोधण्याची पद्धत. तिच्याविषयी काही शोधायला गेलं की सर्च इंजिनाच्या पहिल्या पानावर साधारण दोनच गोष्टी हाती लागतात : विश्वकोशातला लेख आणि प्रशिक्षण विकणाऱ्या सल्लागार कंपन्या. मूळ रशियन लेखांचे संग्रह, विद्यापीठांच्या साइट्सच्या कोपऱ्यात पडलेली अभ्यासपानं, परिषदांतले निबंध, शाळकरी मुलांसाठी केलेले धडे हे सगळं नेटवर आहे, पण आपोआप वर येत नाही. विषय जाणणाऱ्यांनी प्रत्येक साइट उघडून, वाचून, चार ओळी लिहून केलेली सूची इथे कामी येते.

तिला पैसा फारसा लागत नाही. माणसं लागतात, नियम लागतात आणि दरवर्षीची फेरतपासणी लागते. ही फेरतपासणी बहुतेक जण हिशेबातच धरत नाहीत. म्हणून पहिला आकडा तिचाच काढा : आपली माणसं वर्षभरात किती नोंदी पुन्हा उघडून पाहू शकतील? सूचीचा आकार तेवढाच ठेवायचा.

हिशेब करून बघा. ४०० साइट्स धरू. नवी साइट नीट पाहून नोंद लिहायला ३० मिनिटं, म्हणजे २०० तास. दुसऱ्याने ती नोंद तपासायला १० मिनिटं, म्हणजे आणखी ६७ तास. दहा जणांनी आठवड्याला दोन-दोन तास दिले तर कागदावर हे काम चौदा आठवड्यांत उरकतं. परीक्षा, सणवार, ऑफिसची धावपळ धरून सहा महिने म्हणा. त्यानंतर वर्षातून दोनदा प्रत्येक नोंद ८ मिनिटं पाहायची तर वर्षाला साधारण १०७ तास. दहापैकी चारच जण उरले तरी माणशी २७ तास पडतात, म्हणजे जमण्यासारखं आहे. आता ४०० च्या जागी २,००० घाला. वर्षाला ५३३ तास, चौघांत माणशी १३३. फुकट काम करणारा माणूस इथे हात टेकतो. सूची मरते ती इथेच, साइट्स सापडत नाहीत म्हणून नव्हे.

मोठ्या सूच्यांचं काय झालं ते समोर आहे. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ १९९८ मध्ये सुरू झाली आणि १७ मार्च २०१७ ला बंद पडली. साइट सुचवली तर ती बराच काळ रांगेत पडून राहते आणि काही संपादक आपल्याच धंद्याच्या साइट्सना झुकतं माप देतात, या दोन तक्रारी तिच्याबद्दल कायम होत्या. मात्र तिची सगळी माहिती खुल्या परवान्याने उतरवून घेता येत होती, त्यामुळे कर्ली नावाने ती पुढे चालवता आली. पहिल्या दोन गोष्टी टाळायच्या आणि तिसरी उचलायची.

भाषांचा क्रम इतिहासावरून ठरतो

ट्रिझचे जनक गेनरिख आल्टशुलर (१९२६–१९९८) यांनी १९४६ पासून बाकूमध्ये, कॅस्पियन नौदलाच्या पेटंटविषयक कामात असताना, शोध लागतात कसे याचा माग काढायला सुरुवात केली. राफाएल शापिरो यांच्याबरोबरचा त्यांचा पहिला लेख १९५६ मध्ये मॉस्कोच्या एका मानसशास्त्रीय नियतकालिकात आला. चाळीस कल्पक तत्त्वं, ३९ गुणधर्मांचा विरोधाभास-तक्ता (एक गुण सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो, अशा जोड्यांचा), ७६ प्रमाणित उपाय आणि अरिझ ही पायरीपायरीची पद्धत, असा पसारा पुढच्या तीस वर्षांत उभा राहिला आणि जवळजवळ सगळा रशियनमध्ये. १९८९ मध्ये पेट्रोझावोद्स्कला ट्रिझची संघटना स्थापन झाली. सोव्हिएत संघ मोडल्यावर जाणकार अमेरिका, इस्रायल, युरोपात गेले. १९९८ मध्ये अमेरिकेत आल्टशुलर इन्स्टिट्यूट आणि २००० मध्ये युरोपात एट्रिया ही ट्रिझ संघटना निघाली. जपान, कोरिया, चीन, मलेशिया, इराण इथेही स्वतंत्र वर्तुळं आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की फक्त इंग्रजी सूची केली तर विषयाचं मूळच तिच्याबाहेर राहतं. सुरुवात रशियन आणि इंग्रजीने एकदम करा. मग जपानी, जर्मन, चिनी, कोरियन. त्यानंतर फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, फारसी. प्रत्येक भाषेला किमान दोन वाचक हवेत. एकच असेल तर ती भाषा पुढच्या वर्षावर टाका, कारण एकट्याच्या नोंदी तपासायला कोणी नसतं. यंत्र-भाषांतरावर प्राथमिक चाळणी चालते, प्रतवारी चालत नाही : ट्रिझमधला ‘विरोधाभास’ आणि साधी ‘विसंगती’ यांत भाषांतर-यंत्रं गल्लत करतात आणि चांगलं पान भोंगळ वाटायला लागतं.

मराठी मंडळींना इथे एक सोय आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्समुल्लर भवनात जर्मन, तर रानडेमध्ये जपानी, रशियन, फ्रेंचसुद्धा शिकलेले पुष्कळ लोक आहेत आणि त्यातले बरेच अभियांत्रिकी कंपन्यांत भाषांतराचं काम करतात. आठवड्याला दोन तास देणारा असा माणूस ट्रिझ न शिकलेला असला तरी चालेल. चाळीस तत्त्वं आणि विरोधाभास-तक्ता यांची ओळख त्याला दोन बैठकांत करून देता येते. जपानी मात्र दोन बैठकांत येत नाही.

हद्द

हद्द लेखी हवी, अर्ध्या पानाची. तीन वर्तुळं पुरतात.

आतलं वर्तुळ : ट्रिझ, अरिझ, आणि त्यातून थेट निघालेल्या पद्धती, म्हणजे ओटीएसएम, आय-ट्रिझ, सिट, एसिट, युसिट.

मधलं वर्तुळ : ट्रिझबरोबर वापरल्या जाणाऱ्या पद्धती. व्हॅल्यू इंजिनिअरिंग, क्यूएफडी (ग्राहकाच्या गरजा रचनेत उतरवण्याची पद्धत), तागुची (दर्जा सुधारण्यासाठी प्रयोग आखण्याची पद्धत), पेटंट-विश्लेषण. अशा साइटवर ट्रिझचा स्वतंत्र विभाग असेल तरच घ्यायची.

बाहेरचं वर्तुळ : ब्रेनस्टॉर्मिंग, डिझाइन थिंकिंग, सर्जनशीलता एकूणच. इथून देशागणिक दोन-तीन मोठ्या संस्था घ्या आणि थांबा. या वर्तुळाला तळ नाही. एकदा आत शिरलात की चार महिने गेले समजा.

‘सगळं हवं’ आणि ‘आटोपशीर हवं’ हा इथला विरोधाभास ट्रिझवाल्यांना ओळखीचा आहे, आणि उत्तरही त्यांच्याच पोतडीतलं आहे : मधली तडजोड करू नका, दोन मागण्या दोन पातळ्यांवर वेगळ्या करा. एक निवडक यादी, जास्तीत जास्त ५० नोंदींची, नवख्यासाठी. दुसरी पूर्ण सूची, अभ्यासकासाठी. माहिती एकाच तक्त्यात राहते. निवडक यादी म्हणजे त्यातला एक रकाना. दोन वेगळ्या फाइली केल्या तर सहा महिन्यांत त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

याच विषयाची जागतिक सूची स्वयंसेवकांकडून करून घेण्याचा प्रकल्प जपानमधल्या ओसाका गाकुइन विद्यापीठाचे माजी प्राध्यापक तोरु नाकागावा यांनी हाती घेतला होता. हे काम सुरू करणाऱ्याने तो आधी पाहावा. जे झालं आहे ते पुन्हा करण्यात हशील नाही. त्यातल्या कोणत्या नोंदी आज उघडतात एवढं तपासणं हीसुद्धा सुरुवात होऊ शकते.

नोंद कशाची करायची हाही प्रश्न येतो. विद्यापीठाच्या अवाढव्य साइटवर ट्रिझची आठ पानं असतील तर नोंद त्या आठ पानांची, विद्यापीठाची नाही. नियम सोपा ठेवा : जिथे एकाच माणसाचा किंवा गटाचा हात दिसतो ती एक नोंद. आणि किमान अट : जाहिरात, संपर्क आणि ‘आमच्याविषयी’ सोडून स्वतःचा मजकूर असलेली तीन पानं. या एका अटीवर सल्लागार कंपन्यांच्या बऱ्याच साइट्स गळतात.

शोध

प्रत्येक भाषेत त्या भाषेच्या लिपीतला शब्द वापरा. रशियनसाठी यांडेक्स, चिनीसाठी बायडू, कोरियनसाठी नेव्हर यांवर जे दिसतं ते गुगलवर दिसेलच असं नाही. चिनीमध्ये ट्रिझला एकाहून जास्त लिखित रूपं आहेत, सगळी शोधा. आल्टशुलर हे नाव इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंचमध्ये वेगवेगळ्या स्पेलिंगने येतं, तीनही टाका. अरिझच्या १९८५ च्या आवृत्तीला रशियनमध्ये ‘८५-व’ आणि इंग्रजीत ‘८५-सी’ म्हणतात, कारण रशियन वर्णमालेत ‘व’ तिसरा येतो. ही एकच गोष्ट आहे हे माहीत नसलेला स्वयंसेवक दोन पद्धती म्हणून दोन टॅग लावतो. मराठीत ट्रिझ, ट्रिज, त्रिझ, त्रिज अशी चारही रूपं टाकून पाहा.

काही भाषांत नुसता शब्द टाकून भागत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘थोडक्यात वाचलो’ म्हणायला जो वाक्प्रचार आहे त्यात हाच शब्द येतो, शिवाय ते बिआट्रिझ नावाचं लाडकं रूपही आहे. ब्राझीलची साइट शोधताना गाणी आणि फोटो यांचा ढीग पडतो. तिथे आल्टशुलर किंवा ‘विरोधाभास’ हा पोर्तुगीज शब्द जोडून द्या. इंग्रजीत टिप्स हे ट्रिझचं जुनं आद्याक्षरी नाव तर शोधासाठी पूर्ण निरुपयोगी आहे.

शोधाच्या पुढे तीन चांगले झरे आहेत. पहिला, परिषदांचे निबंधसंग्रह : एट्रियाची वार्षिक परिषद २००१ पासून, अमेरिकेतली ट्रिझकॉन १९९९ पासून. लेखकांच्या नावाखाली संस्था असते, संस्थेवरून साइट. दुसरा, जुन्या साइट्सवरची ‘इतर दुवे’ ही पानं. ती आज बंद असली तरी वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात सापडतात आणि त्यांत अशी नावं मिळतात जी कोणत्याही सर्चमध्ये येत नाहीत. तिसरा, माणसं. त्या देशातल्या दोघांना पत्र टाका, पण ‘तुमच्याकडच्या साइट्स कळवा’ असं मोघम लिहू नका. आपली त्या देशाची दहा नोंदींची कच्ची यादी पाठवा आणि विचारा, यात काय चुकलंय, काय राहिलंय. कोरी विचारणा लोक बाजूला ठेवतात; चुका दाखवायला मात्र लगेच बसतात.

थांबायचं कधी? एका शोधशब्दावर सलग वीस निकालांत नवं काही मिळालं नाही की पुढचा शब्द घ्या. वापरलेले शब्द, सर्च इंजिन आणि तारीख एका वेगळ्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कोणी तीच विहीर पुन्हा उपसेल.

नोंदीचा साचा

साधा तक्ता पुरे, गुगल शीट किंवा लिबरऑफिस. डेटाबेसच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. रकाने असे :

क्रमांक, साइटचं मूळ लिपीतलं नाव, इंग्रजी नाव, पत्ता, देश, भाषा, चालवणारा (व्यक्ती, विद्यापीठ, संस्था, कंपनी), वर्तुळ, टॅग, वर्णन, प्रत (म्हणजे दर्जा), पहिल्यांदा पाहिल्याची तारीख, शेवटची तपासणी, स्थिती, वेबॅकमधल्या प्रतीचा पत्ता, पानाचं शीर्षक जसंच्या तसं, नोंद लिहिणारा, तपासणारा, नोंदणाऱ्याचा संबंध.

क्रमांक एकदा दिला की पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही, साइट काढून टाकली तरी. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी, २०२५-०३-०७. भारतीय माणूस ०७-०३ लिहितो तेव्हा अमेरिकन त्याचा ३ जुलै वाचतो, आणि एक्सेल कोणाच्या बाजूने आहे हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. हे टाळायला तारखेचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून टाका. टॅग मोकळे सोडू नका. पंचवीस-तीस ठरावीक टॅग आणि एका नोंदीला जास्तीत जास्त पाच.

वर्णनात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. ‘ट्रिझविषयीच्या उत्कृष्ट माहितीचा खजिना’ हे वर्णन कोणत्याही साइटला लागू पडतं, म्हणजे कोणत्याच साइटचं नाही. ५० ते ९० शब्दांत चार गोष्टी सांगा : कोण चालवतं, कोणासाठी, काय आहे जे दुसरीकडे नाही, आणि काय नाही. नाकागावा यांच्याच साइटची नोंद घ्या :

‘जपानमधील ट्रिझ होम पेज. ओसाका गाकुइन विद्यापीठातले माजी प्राध्यापक तोरु नाकागावा संपादक. नोव्हेंबर १९९८ पासून. जपानी आणि इंग्रजी. लेख, भाषांतरं, वाचकांशी पत्रव्यवहार आणि परदेशी ट्रिझ परिषदांचे संपादकाने स्वतः लिहिलेले सविस्तर वृत्तांत. त्या वर्षांतल्या परिषदांत कोणी काय मांडलं हे पाहायला उपयोगी. युसिट या पद्धतीवर भरपूर साहित्य. नवख्याला क्रमाने शिकवणारी साइट नव्हे. पानं लांब आहेत, सुरुवात अनुक्रमणिकेपासून करावी.’

शेवटचं वाक्य वाचकाचा अर्धा तास वाचवतं. असं वाक्य साइट खरोखर चाळल्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणून तपासणाऱ्याने आधी तेच शोधावं. ते नसेल तर नोंद परत पाठवावी.

साइटवरचा ‘आमच्याविषयी’ परिच्छेद उचलून डकवू नका. एक तर तो त्यांचा मजकूर आहे, आणि दुसरं म्हणजे तो जाहिरातीसाठी लिहिलेला असतो. चालवणाऱ्याचा खासगी ई-मेल किंवा फोन सूचीत नको. साइटच्या संपर्कपानाचा दुवा पुरतो.

प्रतवारी

चार प्रती : अ म्हणजे या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने पाहावी, ब म्हणजे एखाद्या उपविषयासाठी महत्त्वाची, क म्हणजे उपयुक्त पण दुसरीकडेही मिळतं ते, ड म्हणजे नोंदीपुरती. दोघांनी एकमेकांना न दाखवता प्रत द्यायची. एका पायरीचा फरक पडला तर खालची प्रत, दोन पायऱ्यांचा पडला तर तिसऱ्याकडे. अ प्रत एकूण नोंदींच्या आठव्या भागाहून जास्त होऊ देऊ नका. ४०० मध्ये ५०, म्हणजे तीच निवडक यादी झाली.

दोन ठिकाणी प्रतवारी हमखास वाकडी जाते. एक, देखणी साइट वर चढते. १९९९ च्या थाटाची, निळ्या पट्ट्यांची रशियन साइट बघून नवा स्वयंसेवक ड देतो आणि तिच्यात मूळ लेखांचा साठा असतो. म्हणून पहिल्या पानावरून प्रत द्यायची नाही. आतली पाच पानं उघडायची. दोन, बंद पडलेलं म्हणजे टाकाऊ असं समजलं जातं. २००८ नंतर काही नवं न आलेली साइट अ असू शकते. मजकुराची ‘प्रत’ आणि साइट चालू आहे का ती ‘स्थिती’ हे दोन वेगळे रकाने ठेवले की ही गल्लत होत नाही.

हितसंबंधाचा नियम सगळ्यात आधी मान्य करून घ्या. ट्रिझमध्ये जाणकार आणि सल्लागार बहुधा एकच असतात, त्यामुळे ‘धंदा करणारे नकोत’ म्हटलं तर स्वयंसेवकच उरणार नाहीत. नियम असा : स्वतःची, आपल्या मालकाची, आपल्या गुरूची किंवा थेट स्पर्धकाची साइट कोणीही लिहायची नाही आणि तपासायची नाही, सुचवायला हरकत नाही. संबंधाचा रकाना प्रत्येक नोंदीत भरायचा, ‘काही नाही’ असेल तरी. प्रत बदलून मागणारं पत्र आलं तर ३० दिवसांत उत्तर, दुसऱ्या देशाच्या संपादकाकडून. सुचवलेल्या साइटला २१ दिवसांत हो किंवा नाही. जमत नसेल तर सुचवण्याची सोय काही काळ बंद करून तसं लिहा. उत्तर न देणं सगळ्यात वाईट.

अक्षरांचा घोळ

जुन्या रशियन साइट्स विंडोज-१२५१ किंवा केओआय८-आर मध्ये, जपानी शिफ्ट-जेआयएस किंवा ईयूसी या जुन्या अक्षरसंचांत असतात. ब्राउझरने चुकीचा संच धरला की पानभर कचरा दिसतो आणि स्वयंसेवक ‘साइट बिघडली’ असं लिहून मोकळा होतो. फायरफॉक्सच्या व्ह्यू मेन्यूत मजकुराचा संच दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, तो दाबून पाहायचा. मराठी माणसाला हे नवीन नाही. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी साइट्स आपापल्या फॉन्टवर चालायच्या आणि तो फॉन्ट नसेल तर बातमीच्या जागी विरामचिन्हांची रांगोळी दिसायची. अशा जुन्या मराठी पानांवर सर्चही चालत नाही, ती हातानेच शोधावी लागतात.

आपली फाइल कायम यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोड रूपात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) करून एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरी आणि सिरिलिक मोडतं, कारण फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही खूण नसेल तर एक्सेल यूटीएफ-८ ओळखत नाही. बीओएमसह सेव्ह करा किंवा ‘डेटा’ मेन्यूतून आयात करा. मोडलेली फाइल चुकून सेव्ह झाली तर मूळ अक्षरं परत येतीलच असं नाही, म्हणून दर रविवारी तारीख घातलेली प्रत बाजूला ठेवा.

पत्ते नोंदवताना एकच शिस्त : एचटीटीपीएस चालत असेल तर तेच, शेवटची तिरकी रेघ एक तर सगळीकडे किंवा कुठेच नाही, प्रश्नचिन्हानंतरचं ‘यूटीएम’चं (भेट कुठून आली ते मोजणारं) शेपूट कापून. रशियन लिपीतले डोमेन दोन्ही रूपांत लिहा, मूळ अक्षरांत आणि ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या संगणकी रूपात. हे न केल्यास एकच साइट तीन वेळा शिरते आणि तिला तीन वेगळ्या प्रती मिळतात.

लिंक तपासणी

महिन्यातून एकदा यंत्राने, वर्षातून दोनदा डोळ्यांनी. यंत्रासाठी कोणताही मोफत लिंक-तपासनीस चालेल किंवा पायथनमध्ये चाळीस ओळी लिहा. एकाच सर्व्हरला दोन विनंत्यांमध्ये किमान दोन सेकंद थांबा, २० सेकंदांत उत्तर नाही तर सोडा. आधी ‘हेड’ विनंती पाठवा, म्हणजे पान न मागता फक्त ते आहे का एवढंच विचारा. ४०५ आलं तर ‘गेट’, म्हणजे पूर्ण पान मागा, कारण काही सर्व्हर हेड नाकारतात.

उत्तरांचा अर्थ लावताना घाई नको. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. नवा उघडून पाहा, मगच तक्त्यात बदला. ४०३ बहुतेक वेळा यंत्राला अडवलेलं असतं, माणसाला साइट दिसते. ४०४ (पान सापडत नाही) किंवा काहीच उत्तर नाही, तर दोन आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी तीनदा पाहा आणि मग ‘बंद’ लिहा. काही रशियन साइट्स देशाबाहेरून उघडतच नाहीत, म्हणून रशियन नोंद तिथल्या माणसाने पाहिल्याशिवाय बंद ठरवायची नाही. चिनी साइट्सबाबतही तेच.

सगळ्यात फसवं उत्तर २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. डोमेनचं नूतनीकरण राहिलं की ते दुसराच कोणी घेतो आणि ट्रिझच्या जागी जुगाराची जाहिरात बसते. यंत्राच्या लेखी साइट तंदुरुस्त असते. पानाचं शीर्षक नोंदवून ठेवायचं ते याचसाठी : दर महिन्याला आजचं शीर्षक जुन्याशी ताडून पाहा आणि बदललेल्यांची यादी माणसाकडे पाठवा. भारतातल्या कॉलेजांच्या साइट्सचं दुखणं वेगळं असतं. साइट नवी केली की विभागाचं पान नव्या पत्त्यावर जातं आणि जुना पत्ता मुख्यपानावर आणून सोडतो. हाही २००, आणि हाही शीर्षकावरूनच पकडला जातो.

बंद झालेली नोंद पुसू नका. स्थिती ‘संग्रहात’ करा आणि वेबॅकमधली प्रत पुढे आणा. अर्थात ती प्रत असायला हवी. नोंद करतानाच वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये मुख्यपान आणि आतली पाच-सहा महत्त्वाची पानं टाकायची. नंतर करू म्हटलं की राहतं. अमेरिकेतलं जिओसिटीज २००९ मध्ये आणि जपानचं मार्च २०१९ अखेर बंद झालं, तेव्हा हौशी अभ्यासकांची पानं गठ्ठ्याने गेली; मोफत जागेवर असलेली प्रत्येक साइट आज ना उद्या त्याच वाटेवर आहे असं धरून तिची प्रत सगळ्यात आधी घ्या.

प्रकाशन आणि किल्ल्या

साठ नोंदी झाल्या की प्रसिद्ध करा. चारशेची वाट पाहिली तर स्वयंसेवकांना सहा महिने काहीच दिसत नाही आणि ते गळतात. साधी स्थिर एचटीएमएल पानं करा, देशवार, भाषावार, टॅगवार. लॉगिन, टिप्पण्या, तारांकन यातलं काही नको. जे सांभाळायला माणूस लागतो ते बसवू नका. मूळ तक्ता त्याच पानावरून उतरवता यायला हवा आणि त्याला सीसी-बाय (श्रेय देऊन कोणीही वापरावं असा) परवाना लावा, म्हणजे उद्या हा गट विखुरला तरी दुसरा गट काम उचलू शकतो. हे सगळ्या स्वयंसेवकांकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. तीन वर्षांनी चाळीस जणांची परवानगी गोळा करणं होत नाही. वर्षातून एकदा पूर्ण तक्ता झेनोडो या संशोधन-साहित्याच्या मोफत साठ्यावर चढवा. त्याला कायमचा क्रमांक मिळतो आणि शोधनिबंधात उल्लेख करता येतो.

डोमेन, होस्टिंग आणि मूळ तक्ता यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या देशांतल्या दोघांकडे ठेवा. डोमेन पाच वर्षांचं एकदम भरा, नूतनीकरणाची सूचना एका माणसाच्या ई-मेलवर न जाता गटाच्या पत्त्यावर जाऊ द्या. इतरांच्या साइट्स डोमेन सुटल्यामुळे जाताना आपण रोज पाहतो, आणि सूचीची स्वतःची साइटही नेमकी त्याच कारणाने जाऊ शकते.

कामाचं वेळापत्रक दोन महिन्यांभोवती बांधा, फेब्रुवारी आणि सप्टेंबर. डिसेंबरअखेर युरोप-अमेरिकेत सुट्टी, जानेवारीच्या सुरुवातीला रशियात, एप्रिल-मेच्या संधीवर जपानमध्ये, मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे परीक्षा. चिनी नववर्ष बरेचदा फेब्रुवारीत येतं, त्या वर्षी चिनी नोंदी मार्चमध्ये. प्रत्येक फेरीत संपादकाला ४० नोंदींचा गठ्ठा आणि चार आठवडे. गठ्ठा अर्धा झाला नाही तर तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या नोंदी न रागावता दुसऱ्याकडे द्या. लागोपाठ दोन फेऱ्यांत काहीच आलं नाही तर त्याचे संपादनाचे हक्क काढा, नाव श्रेयनामावलीत राहू द्या, आणि त्या भाषेला दुसरा वाचक मिळेपर्यंत त्या भाषेत नवी नोंद घेऊ नका.